रानातले ओले काम आणि हातमोजे



कष्टकरी माणसाचे पहिले अवजार कोणते? कोणी म्हणेल कुदळ. कोणी म्हणेल कोयता. कोणी कुऱ्हाडीचे नाव घेईल. आम्ही म्हणतो, पहिले अवजार म्हणजे आपला हात. कोयत्याची धार गेली तर लोहार लावून देतो. कुऱ्हाडीचा दांडा मोडला तर दुसरा बसवता येतो. पण हाताचे बोट कामातून गेले, तर ते बाजारात मिळत नाही.

कोयत्याला आपण धार लावतो. कुदळ धुऊन कोपऱ्यात ठेवतो. मग हाताची काळजी कोण घेतो? काटा मोडला, सोसला. कातडे सोलले, हळद लावली. बोट सुजले, तरी दुसऱ्या दिवशी कामावर. पुष्कळ घरांत असेच चालते.

म्हणून या धड्यात आपण हातमोज्यांचा विचार करू. त्यातही पावसात आणि थंडीत रानातले काम करताना कोणता मोजा घ्यावा, एवढेच पाहू.

ओले काम कोणते?

आपल्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस फार. महाबळेश्वर, आंबोली या गावी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. याच पावसात रानातली पुष्कळ कामे असतात. खड्ड्यात रोपे लावायची असतात. रोपवाटिकेत चिखलात हात घालावा लागतो. घाणेरीची झुडपे उपटायची असतात. जमीन ओली असली म्हणजे मुळे सहज निघतात, म्हणून हे काम पावसाळ्यातच बरे पडते.

पाऊस गेला म्हणजे थंडी येते. तेव्हा बांबू तोडणे, टहाळ तोडणे, कुंपणाला काटे आणणे ही कामे निघतात. पहाटे गवतावर, पानांवर दव असते. आकाशातून थेंब पडत नाही, पण घटकाभरात हात कोपरापर्यंत भिजतात.

कोणी म्हणेल, "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? हात गारठायला ही काय काश्मीरची थंडी आहे?" पण हात गारठायला बर्फच लागतो असे नाही. ओला हात आणि वरून वारा, एवढे पुरे होते. श्रावणात घाटावर रोपे लावणाऱ्या बाईला विचारा. दुपारपर्यंत तिला साडीची गाठ सोडता येत नाही, इतकी बोटे आखडतात.

हात गारठला म्हणजे काय होते?

आपल्या अंगाची ऊब रक्ताबरोबर फिरते. बाहेर गारठा वाढला, की शरीर आधी काळीज, फुप्फुसे, पोट यांची ऊब राखते. हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. घरात धान्य थोडे उरले म्हणजे घरधनीण आधी लेकरांना वाढते, तसेच हे आहे. हात आणि पाय मागे राहतात.

त्यात हात ओला असला तर अधिकच वाईट. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगाची ऊब ओढून नेते. मग बोटांना मुंग्या येतात. पुढे ती बधिर होतात. पकड ढिली पडते. कोयता हातात आहे, पण किती घट्ट धरला आहे ते कळत नाही. अशा वेळी कोयता निसटतो आणि पायावर येतो.

दुसरी गोष्ट. बराच वेळ भिजलेले कातडे मऊ पडते. कोरड्या हातावर जो काटा नुसता ओरखडा काढील, तो भिजलेल्या हातात खोल शिरतो. बोटे बधिर असली तर तो शिरला हेही कळत नाही. रात्री चुलीपाशी बसल्यावर ठणका लागतो, तेव्हा कळते.

म्हणून ओल्या कामात हाताला दोन शत्रू आहेत. एक काटा आणि दुसरा गारठा. मोजा असा हवा की तो दोघांनाही अडवील.

इरले आणि घोंगडी

हे ध्यानात यायला पुस्तक नको. आपल्या घरातच पाहा.

कोकणातला माणूस लावणीला जाताना डोक्यावर इरले घेतो. इरले काय करते? पाणी अंगावर येऊ देत नाही. पण इरल्याला ऊब नाही. धनगर मेंढरांमागे जाताना खांद्यावर घोंगडी टाकतो. घोंगडी काय करते? ऊब देते. लोकरीचा गुण असा, की ती भिजली तरी थोडीफार ऊब राखते. सुताचे तसे नाही. सुती धोतर किंवा सदरा भिजला, की अंगाला चिकटतो आणि उलट ऊब ओढून घेतो.

थंडीतल्या ओल्या कामाचा चांगला मोजा म्हणजे वरून इरले आणि आतून घोंगडी. वरचा थर पाणी अडवणारा हवा. आतला थर ऊब राखणारा हवा. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले, म्हणजे दुकानदाराने दहा तऱ्हा पुढे टाकल्या तरी तुम्ही गोंधळणार नाही.

मोज्यांचे प्रकार

बाजारात मोजे पुष्कळ दिसतात. आपल्या उपयोगाचे मुख्य प्रकार पाच.

पहिला, सुती विणलेला मोजा. हा सर्वांत स्वस्त. कोरड्या दिवसांत विटा उचलायला, लाकडे रचायला ठीक आहे. पण पावसात हा कामाचा नाही. पाणी पिऊन तो जड होतो आणि हात गार करतो. काटाही अडवत नाही. ओला सुती मोजा घालण्यापेक्षा मोकळा हात एक वेळ बरा.

दुसरा, चामडी मोजा. काट्यापुढे हा चांगला टिकतो. बोर, करवंद, बाभूळ यांच्या फांद्या ओढायच्या असतील तर हा घ्यावा. पण साधे चामडे पाणी पिते. भिजले की फुगते, वाळले की लाकडासारखे कडक होते. म्हणून थंडीतल्या दवात तो चालेल, आषाढातल्या झडीत नाही. खरखरीत जाड चामड्यापेक्षा शेळीच्या कातड्याचा मऊ मोजा बोटांना सोपा जातो.

तिसरा, सगळीकडून रबराचा किंवा प्लॅस्टिकचा लांब मोजा. हा खरा इरले आहे. पाणी मुळीच आत येऊ देत नाही. रोपवाटिकेत, चिखलात, नाल्यात काम असेल तर हा घ्यावा. याचा दोष असा, की आतला घाम बाहेर जात नाही. घामानेही हात भिजतोच. शिवाय पातळ रबर काट्याने लगेच फाटते. गुळगुळीत असेल तर ओला दांडा हातातून सटकतो.

चौथा, अंग विणलेले आणि तळव्याला रबराचा लेप दिलेला मोजा. हल्ली तालुक्याच्या दुकानात हाच जास्त दिसतो. लेप खरखरीत असेल तर ओल्या दांड्यावर पकड चांगली बसते. बोटे मोकळी हलतात. पाठीकडून हवा लागते, म्हणून घाम कमी येतो. पण पाठीकडूनच पाणीही शिरते. रिमझिम असेल तर चालतो, मुसळधार पावसात भिजतो.

पाचवा, आत लोकरीचे किंवा लोकरीसारखे अस्तर आणि बाहेरून सगळीकडे लेप. थंडीतल्या ओल्या कामाला हा सर्वांत बरा. किंमत जास्त पडते. हा न मिळाला तर आपण घरीच जोड करू शकतो. आत पातळ लोकरीचा मोजा घालावा आणि वरून एक नंबर मोठा रबरी मोजा चढवावा. झाले इरले, झाली घोंगडी.

लेप दोन जातींचा असतो. एक झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचा. दुसरा नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराचा. नायट्राइलला तेलाने इजा होत नाही, आणि टोचण्यापुढे तो जरा अधिक टिकतो. काही माणसांना चिकाचे रबर सोसत नाही. हाताला खाज सुटते, पुरळ येते. त्यांनी नायट्राइलचा घ्यावा.

रबरी मोजा आला कसा?

नुसते रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. ते कोणत्याच कामाला नीट येईना. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर नावाच्या माणसाला आढळले, की रबरात गंधक मिसळून तापवले म्हणजे ते टिकाऊ आणि लवचिक होते. तेव्हापासून रबराच्या नाना वस्तू होऊ लागल्या.

पुढे अमेरिकेतच बाल्टिमोर शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका होती. शस्त्रक्रियेच्या वेळी जंतू मारणाऱ्या तीव्र औषधात हात बुडवावे लागत. त्याने तिच्या हातांना पुरळ आले. काम सोडण्याची पाळी आली. तेव्हा तिथले शल्यवैद्य विल्यम हॉलस्टेड यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात रबराच्या कारखान्याकडून तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. मोजे घातल्याने तिचे हात वाचले. ते पाहून दुसरेही वापरू लागले. मोज्यांमुळे रोग्याची जखमही कमी चिघळते, हे मागाहून कळले.

यात आपल्याला घेण्यासारखे काय आहे? दवाखान्यातला रबरी मोजा एका काम करणाऱ्या बाईचे हात वाचावेत म्हणून आला. "हिचे हात नाजूक, हिला काढून टाका" असे कोणी म्हटले नाही. मोजा मागणे यात लाजण्यासारखे काही नाही. मुकादमाने किंवा ठेकेदाराने कुदळ दिली, घमेले दिले, तर हातमोजेही मागावेत. तेही कामाचे साहित्यच आहे.

दोन हातांना दोन मोजे

दुकानात मोज्यांची जोडी मिळते. म्हणून दोन्ही हातांना सारखाच मोजा घातला पाहिजे, असे आपण समजतो. पण दोन्ही हात सारखे काम करतात का?

फांदी तोडताना पाहा. उजव्या हातात कोयता असतो. डाव्या हाताने आपण काटेरी फांदी धरतो. काट्याचे भय डाव्या हाताला आहे. तिथे जाड चामडी मोजा हवा. उजव्या हाताला पकड हवी. तिथे पातळ, खरखरीत लेपाचा मोजा हवा. जाड मोज्यात कोयत्याचा दांडा नीट बसत नाही, आणि गुळगुळीत रबरात तो फिरतो. कोयता किंवा कुऱ्हाड चालवताना गुळगुळीत मोजा कधीही घालू नये. डावखुऱ्या माणसाने हेच उलटे करावे.

दोन घरांनी मिळून दोन जातींच्या दोन जोड्या घेतल्या आणि आपापसांत वाटून घेतल्या, तरी खर्च वाढत नाही.

आणखी दोन झाडांची गोष्ट वेगळी आहे. खाजकुइलीच्या शेंगांवर बारीक कूस असते. ती विणलेल्या मोज्यात अडकून बसते. मग त्या मोज्याने कपाळाचा घाम पुसला की तोंडाची आग होते. तिथे गुळगुळीत रबरी मोजाच बरा. कूस त्याला धरत नाही, धुतली की जाते. बिब्ब्याच्या चिकाचेही तसेच. तो चिक कातडे उतवतो. चामडे तो चिक पिते आणि पुढे कितीतरी दिवस बाधते. म्हणून तिथेही रबरी मोजा घालावा. काढण्याआधी मोजे घातलेले हात साबणाने धुवावेत, आणि मग मोजे काढावेत.

माप कसे घ्यावे?

मोजा सैल असला तर बोटांच्या टोकाशी मोकळे कापड राहते. ते काट्यात अडकते, दांड्याखाली दुमडते. मोजा फार घट्ट असला तर रक्त अडते, आणि हात अधिकच गारठतो. म्हणून माप बरोबर हवे.

एक दोरा घ्या. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी, म्हणजे मुठीची हाडे जिथे वर येतात तिथे, तळव्याभोवती गुंडाळा. दोरा पट्टीवर मोजा. सुमारे १८ सेंटिमीटर भरला तर ७ नंबर. २० भरला तर ८ नंबर. २३ भरला तर ९ नंबर. २५ भरला तर १० नंबर. आत लोकरीचा मोजा घालायचा असेल तर वरचा मोजा एक नंबर मोठा घ्यावा.

बायकांनी हे माप जरूर घ्यावे. दुकानात बहुधा पुरुषांच्या हाताचेच मोजे पुढे येतात. दुकानदार म्हणतो, "घ्या हो बाई, सगळ्यांना हेच बसतात." त्यावर सांगावे, "मला ७ नंबर दाखवा. नसला तर मागवून ठेवा." रोपे लावायला आणि रोपवाटिकेत बायाच जास्त असतात. त्यांनी मागितल्याशिवाय लहान मोजे गावात येणार नाहीत.

दुकानात पारख

वांगे घेताना आपण कीड पाहतो. मडके घेताना वाजवून पाहतो. मोजाही पाहून घ्यावा.

दोन्ही मोजे घालून मूठ वळा. तळवा ओढतो का, ते पाहा. काउंटरवर एक रुपयाचे नाणे ठेवून ते उचला. उचलता आले तर बोटे नीट चालतील. बोटांच्या मधली शिवण उलटी करून पाहा. मोजा आधी तिथेच उसवतो. रबरी मोजा असेल तर त्याची मनगटाकडची कड गुंडाळत न्या, म्हणजे आत हवा कोंडेल. मग बोटे दाबा आणि गालाजवळ धरा. हवा सुटली तर मोजा भोकाचा आहे.

आता तुम्हांला अक्षरे येतात, आकडे येतात. मग मोज्यावर काय छापले आहे, तेही वाचा. चामडी आणि सुती मोज्यांसाठी आपल्या देशाचे एक मानक आहे. त्याचा क्रमांक आय. एस. ६९९४. पुष्कळ मोज्यांवर मात्र युरोपातल्या मानकाचे चिन्ह असते. ढालीसारख्या चौकटीत हातोड्याचे चित्र असते आणि खाली आकडे असतात. समजा, तिथे ४, १, ३, १ असे आकडे आहेत. पहिला आकडा घासण्याचा. दुसरा पात्याने कापण्याचा. तिसरा फाटण्याचा. चौथा टोचण्याचा. आकडा जितका मोठा, तितका मोजा त्या बाबतीत चांगला. म्हणजे हा मोजा घासण्यात फार चांगला, पण टोचण्यात साधाच. आकड्याच्या जागी इंग्रजी एक्स अक्षर, म्हणजे फुलीसारखी खूण असेल, तर ती परीक्षा घेतलेली नाही असे समजावे.

टोचण्याची ही परीक्षा जाडसर सळईने घेतात. बाभळीचा काटा त्याहून पुष्कळ बारीक. म्हणून चौथा आकडा मोठा असला तरी काट्याच्या फांदीवर हात दाबू नये.

चौकटीत बर्फाच्या फुलाचे चित्र असेल तर तो थंडीचा मोजा. त्याखाली तीन आकडे असतात. पहिले दोन थंडीचे आणि तिसरा पाण्याचा. तिसरा १ असेल, तर पाण्याच्या परीक्षेत मोजा उतरला आहे. ० असेल, तर उतरलेला नाही. आपल्या ओल्या कामाला तिसरा आकडा आधी पाहावा.

थोडा हिशेब

समजा, आपले काम २४ दिवसांचे आहे. ३० रुपयांची स्वस्त जोडी ३ दिवसांत फाटते. २४ दिवसांना ८ जोड्या लागतील. ८ गुणिले ३०, म्हणजे २४० रुपये. १५० रुपयांची चांगली जोडी २४ दिवस टिकली, तर ९० रुपये वाचले.

पण खरा हिशेब पुढेच आहे. बोटाला नखुरडे झाले आणि चार दिवस घरी बसावे लागले, तर चार दिवसांची मजुरी गेली. दवाखान्याचा खर्च वेगळा. तो यात धरून पाहा. मग महाग काय आणि स्वस्त काय, ते तुम्हीच ठरवा.

घालावे कसे?

कौले शाकारताना वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते. म्हणून पाणी आत न जाता ओघळून जाते. मोज्याचेही तसेच. रोप लावताना हात खाली असतात. पाणी दंडावरून बोटांकडे येते. अशा वेळी सदऱ्याची किंवा रेनकोटची बाही मोज्याच्या वरून यावी. उंच फांद्या तोडताना हात वर असतात. पाणी बोटांवरून कोपराकडे येते. अशा वेळी बाही मोज्याच्या आत खोचावी.

शक्य असेल तर दुसरी कोरडी जोडी पिशवीत, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून न्यावी. दुपारी भाकरी खाण्याआधी हात धुऊन, पुसून कोरडे करावेत. मग दुसरी जोडी घालावी. एकच भारी जोडी घेण्यापेक्षा दोन मध्यम जोड्या ओल्या कामात अधिक उपयोगी पडतात.

आणि हे विसरू नये, की अंग भिजले तर नुसते मोजे हाताला ऊब देणार नाहीत. डोके आणि छाती कोरडी राहिली, पोटात गरम काही गेले, म्हणजे हातांकडे रक्त येते.

निगा

काम संपल्यावर मोजे साध्या पाण्याने धुवावेत. चामडी मोजे ओल्या फडक्याने पुसावेत. सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. बोटे खाली लोंबतील असे टांगू नयेत, आत पाणी साचते. दोन काटक्या रोवून त्यांवर बोटे वर करून ठेवावेत. आत वाचून झालेल्या वर्तमानपत्राचे बोळे घातले तर ओल लवकर सुकते.

चुलीच्या वैलावर मोजे वाळत घालू नयेत. चामडे कडक होऊन चिरते. रबरही लवकर खराब होते. चामडे वाळल्यावर त्याला थोडे तेल चोळावे.

फवारणीचे मोजे वेगळे ठेवावेत. ते रानात, गोठ्यात, घरात कशालाही वापरू नयेत.

मोजा कुठे घालू नये?

फिरत्या यंत्राजवळ मोजा घालू नये. कडबाकुट्टी, चरक, गिरणीचा पट्टा यांत मोजा अडकला तर तो हात आत ओढतो. साधा रबरी मोजा घालून विजेच्या तारेला हात लावू नये. विजेच्या कामाचे रबरी मोजे निराळे असतात. वणवा विझवताना रबराचा किंवा लेपाचा मोजा घालू नये. तो वितळून कातड्याला चिकटतो.

मोजा घातला म्हणून पालापाचोळ्यात एकदम हात घालू नये. कोकणात फुरसे पाल्यात दडून बसते. आधी काठीने पाला हलवावा. काट्याच्या फांद्या उचलायला आपली दोन फाट्यांची काठी, म्हणजे बेळके, आजही चांगले. मोजा मिळाला म्हणून बेळके टाकून देऊ नये.

तरीही काटा मोडला तर

हात साबणाने धुवावा. काटा वर दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने काढावा. खोल गेला असेल तर सुईने कोरत बसू नये, दवाखान्यात जावे. धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही, ते विचारून घ्यावे. बोट लाल होऊन सुजले, ठणका वाढला, ताप आला, तर थांबू नये.

पावसाळ्यात आणखी एक भय असते. उंदीर-घुशींच्या मुताने चिखल-पाणी दूषित होते, आणि हाताच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस नावाचा रोग शिरतो. चिखलातल्या कामानंतर जोराचा ताप आला, अंग फार दुखू लागले, डोळे लाल झाले, तर लगेच आरोग्य केंद्रात जावे आणि "मी चिखलात काम केले आहे" असे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर हा रोग बरा होतो. हाताला जखम असेल तर ती झाकून, वरून पाणी न शिरणारा मोजा घातल्याशिवाय चिखलात हात घालू नये.

गावातली म्हातारी माणसे म्हणतील, "आमची हयात रानात गेली. आम्ही कधी मोजे घातले?" त्यांचे म्हणणे ऐकावे. त्यांनी फार सोसले, हे खरे. पण त्यांचे हात हातात घेऊन पाहा. एखादे बोट वाकडे असेल. एखादे नख गेलेले असेल. ते त्यांनी कुणाला सांगितले नाही, आणि आपण कधी विचारले नाही. घट्टे पडले म्हणजे हात लोखंडाचा झाला असे नव्हे. तोच हात लेकराच्या डोक्यावरून फिरवायचा असतो, आणि आता पाटी-पुस्तकही त्याच हाताने धरायचे आहे.

लक्षात ठेवा

१. बाहेरून इरले, आतून घोंगडी.
२. ओल्या कामात नुसता सुती मोजा नको.
३. फांदी धरणाऱ्या हाताला जाड मोजा, अवजाराच्या हाताला पकडीचा मोजा.
४. आधी माप, मग पारख, मग पैसे.
५. मोजे सावलीत वाळवा.
६. फिरत्या यंत्राजवळ मोजे काढा.

प्रश्न

१. ओला हात लवकर का गारठतो?
२. बिब्ब्याच्या चिकाला चामडी मोजा का चालत नाही?
३. दोऱ्याने आपल्या हाताचे माप घ्या. तुमचा नंबर कोणता? घरातल्या सर्वांचे नंबर एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या बाजाराला तो कागद बरोबर न्या.